पिंपाच्या जागी उभा असलेला माणूस

जिलकारा
११ ऑगस्ट २००९

ताई,

तू बादली उचलायला नेहमीसारखा उशीर केलास, म्हणून गुरांच्या मळ्यावरच्या मॅनेजरच्या बाईच्या चादरी त्या सकाळीही मीच टबात घातल्या. त्याआधी मी चुलीतली राख उपसली होती, व्हरांडा झाडला होता, कुत्र्यांची भांडी विसळली होती. तू आलीस ती केस विंचरत. मी म्हटलं, "महाराणी उठल्या." तू म्हणालीस, "हळू बोल, बाई ऐकेल." मग आपण एकेक टोक धरून चादर पिळायला लागलो, आणि तू एवढा जोर लावलास की चादर माझ्या हातातून सुटून मातीत पडली. ती पुन्हा मीच धुतली. दोरीवर टाकत होते तेव्हा तबेल्याकडून आपली माणसं येताना दिसली. घोड्यांवर नाही, चालत. खोगिरं त्यांनी कुंपणावर टाकली होती, पुन्हा न उचलायला.

एकेचाळीस वर्षं झाली. आज हे आठवायचं कारण शाळा.

आपल्या तरीशाच्या वर्गाला नवीन मिस आली आहे, पेट्रा नावाची, दक्षिणेकडची गोरी. मुलगी चांगली आहे, उन्हानं सारखी सोलवटलेली असते. तिनं मुलांना सांगितलं, तुमच्यातला एक मोठा पुढारी निवडा आणि त्याच्यावर काहीतरी स्वतःच्या हातानं करा, पुस्तकातून उतरवू नका. पुढारी कोण निवडणार? क्लेमच. तुझ्या नवऱ्याशिवाय इथं आमदार झालंय कोण. एकीनं कागदाच्या लगद्याचं त्याचं डोकं केलंय, टोपीसकट. दोघांनी गाणं रचलंय. एकानं चित्रांची पट्टी काढली आहे, त्यात क्लेम उडतोही. आणि सगळ्या वर्गानं मिळून एका मोठ्या फळीवर लाल वाळू पसरून ती सकाळ उभी केली आहे. कुंपणाच्या तारेची माणसं, तारेचे घोडे, जुन्या ब्लँकेटचे कपडे. मधोमध क्लेम, बाटलीच्या झाकणाची टोपी घातलेला.

त्याच्या शेजारी दुधाच्या भुकटीचा डबा, काळा रंगवलेला.

मी तरीशाला विचारलं, "हे काय गं?"

"पिंप आहे, आजी. पेट्रोलचं."

"पेट्रोलचं पिंप कुठून आलं तिथं?"

"फोटोत आहे की. क्लेमआजोबांच्या शेजारी, काळं, उभं. मिस म्हणाली, नीट बघून करा, जसं आहे तसं. मीच केलंय ते."

फोटो म्हणजे शाळेच्या व्हरांड्यात लावलेला, तेव्हा पेपरवाल्यानं काढलेला. त्यात क्लेमच्या शेजारी कोण उभं होतं ते तुला माहीत आहे. माझा माणूस गेला तेव्हा मीच त्यावर काळी चिकटपट्टी लावली. नुसता चेहरा झाकून भागेना, त्याची उभं राहायची ढबसुद्धा ओळखू यायची, म्हणून डोक्यापासून पायांपर्यंत लावली. गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, चेहरा बघायचा नाही, हे मी पाळलं. आज एकोणीस वर्षांनी माझ्या नातीनं त्याचं पिंप केलं. मिस मला म्हणाली, "किती बारकाईनं केलंय ना." मी म्हटलं, हो, छान आहे.

एवढ्यावर भागलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. शाळेला नवं फाटक बसतंय. त्यावर पत्र्याचा फलक लागणार, कापलेल्या अक्षरांचा. वर क्लेमचं नाव, खाली त्या सकाळी मॅनेजरला सांगितलेलं वाक्य: "पाणी कुठं आहे ते आमच्या आजीनं तुमच्या आज्याला दाखवलं. आम्हाला ते अजून माहीत आहे. आम्ही चाललो." अठरा सप्टेंबरला सगळे प्रकल्प मांडायचे आणि त्याच दिवशी फलक लावायचा.

ते वाक्य क्लेमचं नाही. क्लेमनं त्याचं इंग्रजी केलं, कारण त्याला येत होतं. म्हणणारा दुसरा होता.

मिस म्हणते की तिनं तुला अ‍ॅलिस स्प्रिंग्जला फोन करून सगळं विचारून घेतलं. तू तिला काय सांगितलंस ते मला कळव. दुकानासमोरच्या फोनवर बोलायचं नाही, तिथं निम्मं गाव कान देऊन उभं असतं.

तुझी
लोर्ना


अ‍ॅलिस स्प्रिंग्ज
२० ऑगस्ट २००९

लोर्ने,

चादर तुझ्या हातातून सुटली कारण तू तबेल्याकडे बघत होतीस. माझ्या जोरावर ढकलू नकोस.

उशीर झाला त्याचं कारण, सोमवार, बुधवार, शुक्रवार मी रक्त गाळायच्या मशीनला बांधलेली असते आणि मधल्या दिवशी हातात पेन धरवत नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर आता पश्चिमेकडची एक म्हातारी असते. पाच तास ती तिच्या जावयाला शिव्या देते. तिचं रक्त स्वच्छ होतंय, जीभ नाही. तुझी आठवण येते.

तुझ्या मिसचा फोन आला होता, पेशंटांच्या वसतिगृहातल्या बाईनं मला बोलावून दिला. खरखर खूप होती. मी जे सांगितलं ते असं: माणसं खोगिरं टाकून निघाली, कोरड्या नदीच्या पात्रात वाळू खणून पाण्यावर राहिली, तिथंच पुढं जिलकारा झालं. क्लेम बोलला, क्लेम जमिनीच्या वाटाघाटींच्या बैठकांना गेला, क्लेम निवडून आला. यात खोटं काय आहे? पोरांनी त्याला उडवलं त्याला मी काय करू. जिवंतपणी गुडघ्यांमुळे त्याला जीपमध्ये चढवत नव्हतं.

मी तिला असंही म्हटलं की तिथं आणखी एक माणूस होता, आमच्या जवळचा. ती म्हणाली, "नाव काय त्याचं?" मी गप्प बसले. ती म्हणाली, "हॅलो? हॅलो?" तू सांग, मी काय बोलायला हवं होतं? नाव बंद तू केलंस. माझ्या आधी तुझं तोंड उघडायला हवं.

लगद्याचं डोकं कुणी केलं? नाक नीट जमलंय का? त्याचा फोटो काढून पाठवायला सांग. इथल्या बायकांना दाखवीन. त्यांना खरंच वाटत नाही मी कुणाची बायको होते ते.

अठराला शुक्रवार आहे. मशीनचा दिवस. नाहीतर आले असते.

डल्सी


जिलकारा
२७ ऑगस्ट २००९

ताई,

डोक्याचा फोटो सोबत पाठवला आहे. नाक मोठं झालंय. पोरगी म्हणाली, पुढाऱ्याचं नाक मोठंच असतं.

"आमच्या जवळचा एक माणूस." वाचून मी पत्र घडी करून ठेवलं, मग चहा केला, मग पुन्हा वाचलं. तुझ्या लेखी एवढाच तो. क्लेमच्या नावाचा शहरात दवाखाना आहे, रस्ता आहे, आता फाटक होईल. माझ्याकडे काळा डबा आहे. तरीशानं त्यावर पांढऱ्या रंगानं "धोका" असंही लिहिलं आहे, पिंपावर असतं तसं.

मी तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. तो गेल्यावर मी विधवांच्या वस्तीत राहायला गेले, केस कापले, अंगाला पांढरी माती लावली, वर्षभर तोंडातून शब्द काढला नाही. हातांच्या खुणांवर चाललं. ते सगळ्याच बायका करतात. पण मी त्या वर्षात वाचायला शिकले. बोलायचं नाही तर तोंडात शब्द साठतात, ते कुठंतरी ठेवायला हवे होते. आधी पिठाच्या पोत्यांवरचं, मग चहाच्या डब्यांवरचं, मग चर्चमधलं गाण्यांचं पुस्तक. अक्षर अडलं की दुकानातल्या मुलीपुढं कागद धरायचा आणि बोट ठेवायचं. ती मोठ्यानं म्हणायची.

एक दिवस दुकानातून मांस बांधून आलं ते पेपरात. रक्ताचा डाग पडला होता, त्याच्या बाजूला क्लेमचा फोटो होता, सूट घातलेला, विधानसभेत बोलताना. खाली मोठ्या अक्षरांत एक वाक्य. मी बोट ठेवत ठेवत वाचलं. पाणी. कुठं. आहे. आयुष्यात कुणाच्या मदतीशिवाय वाचलेलं पहिलं पूर्ण वाक्य. ते माझ्या नवऱ्याचं होतं आणि त्याच्या खाली तुझ्या नवऱ्याचं नाव होतं. त्याला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

मला ओरडता येत नव्हतं. मी तो कागद विस्तवात टाकला आणि मांस शिजवलं.

म्हणून दोन वर्षांनी त्याचे भाऊ आले आणि म्हणाले, "वहिनी, आता नाव उघडू या," तेव्हा मी मान हलवली नाही. पुढच्या वर्षी आले, तेव्हाही नाही. मग त्यांनी यायचं सोडलं. सगळ्यांची नावं दोन-तीन वर्षांत उघडतात. माझ्या दिराच्या मुलाला तेच नाव, म्हणून तो चाळिशीचा बाप्या अजून कुमंजयी आहे, ज्याचं नाव घेता येत नाही तो. शाळेची बस चालवतो. पोरांना वाटतं त्याचं नाव तेच.

लोक म्हणाले, लोर्नाचं दुःख मोठं आहे. दुःख होतंच. पण मी असा विचार केला होता: नाव उघडलं की तो क्लेमच्या शेजारी उभा राहील, दुसरा म्हणून. बंद राहिलं तर कुणाचाच नाही, माझा.

तू लहानपणापासून मोठी वाटी घेत आलीस. ते मी सोडून दिलं. हे वाक्य सोडत नाही. मिसला फोन कर आणि सांग की ते क्लेमचं नाही.

लोर्ना


अ‍ॅलिस स्प्रिंग्ज
५ सप्टेंबर २००९

लोर्ने,

मोठी वाटी आई मला द्यायची कारण निम्मं मी तुला भरवायचे. ते तुला आठवणार नाही, तुझं तोंड भरलेलं असायचं.

आता मी लिहिते ते बसून वाच.

त्या भाषणाच्या दिवशी मी डार्विनला विधानसभेत होते, वर गॅलरीत, नवीन बूट चावत होते. क्लेम म्हणाला, "माझ्या भावानं मॅनेजरला सांगितलं," आणि मग ते वाक्य म्हणाला. मी माझ्या कानांनी ऐकलं. बाहेर आल्यावर पेपरवाला त्याच्या मागं लागला: कुठला भाऊ, नाव काय, हयात आहे का. आपल्यात साडू म्हणजे भाऊच, हे त्याला काय ठाऊक. क्लेम नुसता उभा. तुझ्या माणसाला जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, नाव कसं घेणार? पेपरवाल्याला घाई होती. त्यानं भाऊ गाळला.

क्लेमला ते लागलं. तीन वर्षांनी तो जिलकाऱ्याला आला, तुला आठवतं? बाभळींपाशी उभा होता तासभर, कारण विधवांच्या वस्तीत पुरुषाला पाऊल टाकता येत नाही. त्यानं आत निरोप पाठवला. तू बाहेर आलीस, त्याच्याकडे बघितलंस, राखेची टोपली त्याच्या दिशेनं झाडलीस आणि आत गेलीस. बायका आठवडाभर हसत होत्या. आमदाराच्या बुटांवर राख.

तो तुझ्याकडून मोकळीक मागायला आला होता, लोर्ने. त्याला विधानसभेत नाव घेऊन सांगायचं होतं की ते वाक्य कुणाचं. ते कागदावर छापून कायमचं राहतं. तुझ्या दिरांशी तो आधीच बोलला होता. ते म्हणाले, ती हो म्हणाली तर आमचं हो. परत येताना गाडीत तो म्हणाला, "तिला वाटलं मी आणखी काही न्यायला आलोय." नंतर तो कधी त्याबद्दल बोलला नाही. मग तोही गेला.

आता तू विचारशील, हे मी तुला आजवर का सांगितलं नाही. सांगते. लोक मला भेटले की ते वाक्य म्हणायचे आणि माझा हात हातात घ्यायचे. मला ते आवडायचं. मला बाकी काय मिळालं होतं? तुझा माणूस सकाळी तुझ्या हातात चहाचा मग द्यायचा. मी कितीदा बघितलंय, माझ्या दारातून, क्लेम कुठल्यातरी बैठकीला गेलेला असताना. तो घरी यायचा तो शर्ट बदलायला. एकदा मी शर्ट लपवून ठेवले, तर तसाच गेला, मळक्या कपड्यांत, आणि लोक म्हणाले, काय साधा माणूस आहे.

आणि क्लेम वारला तेव्हा त्याला अजून घरी आणलं नव्हतं, तोवर सरकारी माणसांचा फोन आला: नाव आणि फोटो वापरायला कुटुंबाची हरकत आहे का? त्याच्या पक्षाची माणसं माझ्या अंगणात बसली होती, सगळी माझ्याकडे बघत. मी म्हटलं, वापरा. मी दमले होते. अंगाला पांढरी माती लावून मी इकडे जमिनीवर बसलेली आणि टीव्हीवर तो हसतोय. महिन्याभरात दवाखान्याला त्याच्या नावाची पाटी लागली. या वसतिगृहात, त्या दवाखान्यात, जिथं जाईन तिथं भिंतीवर तो. मला त्याला मनात एकदा नीट ठेवायचं होतं, ते जमलंच नाही.

तू तुझा एकोणीस वर्षं एकटीनं जवळ ठेवलास. मला माझा एक महिनाभरही मिळाला नाही. तुला माझा हेवा वाटतो, दिसतंय मला. वाटू दे. मला तुझा त्याच्या आधीपासून वाटतो.

मी मिसला फोन करणार नाही. मी सांगितलं तर ती म्हणेल, नाव काय. आपण पुन्हा तिथंच येतो.

अठराला तेरा दिवस आहेत.

डल्सी


अ‍ॅलिस स्प्रिंग्ज
१६ सप्टेंबर २००९

लोर्ने,

दोन टपालं आली, तुझं काही नाही. रागावली असशील तर तसं लिही. शिवी लिही. शेजारची म्हातारी विचारते, तुझी बहीण मेली का? मी म्हटलं, नाही, ती गप्प बसली आहे, तिला ते वर्षभर जमतं.

मी फार बोलले का? मशीनवर असताना लिहिलं होतं, डोकं हलकं होतं तेव्हा. पण खोडणार नाही.

हे पत्र बसनं येणाऱ्या बाईकडे दिलंय. तरीशाला माझा पापा.

डल्सी


जिलकारा
२१ सप्टेंबर २००९

ताई,

रागावले नव्हते. कामात होते.

तुझं मोठं पत्र आलं त्या दिवशी मी ब्लँकेटं धुवायला काढली, सगळी, स्वच्छ होती तीसुद्धा. राखेचं मला आठवत होतं. मी ते इतकी वर्षं मोठी गंमत म्हणून आठवत होते.

दुसऱ्या दिवशी दिराकडे, लिओकडे गेले. तो आणि त्याची बायको सावलीत पत्ते खेळत होते. मी जाऊन बसले. बोलायचं म्हणून गेले होते, पण तोंड उघडेना. मग मी हातांनी सांगितलं, नाव उघडा, त्या वर्षात सांगायचे तसं. लिओनं पत्ते उलटे ठेवले. तो म्हणाला, "वहिनी, किती वर्षं आम्ही तुझ्या तोंडाकडे बघतोय."

त्याची बायको म्हणाली, "शेवटी हातानंच सांगितलं की नाही, हट्टी बाई."

बस घेऊन कुमंजयी आला, त्याला कळलं, तर तो गाडीतून उतरेचना. म्हणाला, "मला माझं नाव परत मिळणार? मला आता त्याला ओ देता येईल का ते बघायला हवं." लिओची बायको म्हणाली, "लायसन्सवर होतं म्हणून जिवंत राहिलं बघ."

मग रीतीनं केलं. माझ्या माणसाच्या बहिणींना त्यांच्या त्यांच्या गावांतून बोलावून आणलं, त्यात आठवडा गेला. पानांचा धूर केला. आधी लिओनं नाव घेतलं, मग बहिणींनी, मग त्या बसवाल्यानं, लाजत. सगळ्यात शेवटी मी. आता तुलाही लिहून देते.

अ‍ॅम्ब्रोस.



बुधवारी आम्ही शाळेत गेलो. मिसला लिओनं सांगितलं, ती आधी लाल झाली, मग रडली, मग म्हणाली, "मी नीट बघून करा म्हटलं होतं." तरीशा माझ्याकडे बघेना. मी तिला म्हटलं, पिंप तू नाही केलंस, मी केलं. लिओनं फोटोवरची पट्टी काढायला घेतली. एकोणीस वर्षं उन्हातल्या व्हरांड्यात होती ती, ताई. हळूच ओढली तरी फोटोचा कागद तिच्याबरोबर सोलून आला. क्लेम आहे, बाकीचे आहेत, मध्ये पांढरी चौकट. मिस म्हणाली, पेपरच्या कचेरीत एखादी प्रत असेल, मी मागवते. असेल तर येईल. घरातले फोटो मी तेव्हाच जाळले होते.

फलकाचं सांगते. वर्कशॉपमध्ये वाक्य कापून झालं होतं, त्याच्या वर-खाली जागा होती. मुलांनी विचारलं, "मग क्लेमआजोबांनी काय केलं? सगळं याच आजोबांनी केलं तर त्यांचं नाव वर कशाला?" महिन्यापूर्वी हा प्रश्न कुणी विचारला असता तर मी त्याला घरी नेऊन जेवू घातलं असतं. मी म्हटलं, एक जण एकदा बोलला. दुसरा तेच वाक्य घेऊन तीस वर्षं फिरला, जिथं जिथं ऐकून घेत नव्हते तिथं. घरी बायको वाट बघत होती तरी. त्यांनी ते लिहून घेतलं. फलकावर क्लेम वर आहे, मोठ्या अक्षरांत. वाक्याखाली अ‍ॅम्ब्रोसचं नाव आहे. "माझ्या भावानं मॅनेजरला सांगितलं" हे शब्द वाक्याच्या आधी घातले आहेत, क्लेमनं घातले होते तसे. लिओनं ते सुचवलं असं मी सगळ्यांना सांगते. मी सुचवलं.

आणि ऐक, मला वाटलं होतं नाव उघडलं की हलकं वाटेल. गुरुवारी मैदानावर पोरं खेळत होती, त्यातलं एक त्या नावानं दुसऱ्याला हाक मारत होतं, "मी क्लेम, तू अ‍ॅम्ब्रोस, चल खोगीर टाक." मी कुंपणाशी उभी होते. कुणीतरी माझ्या घरात शिरून भांडी हाताळतंय असं वाटलं. तेव्हा मला तुझी ती माती लावून टीव्हीसमोर बसलेली गोष्ट कळली. पत्र वाचताना कळली नव्हती.

त्याच दुपारी पोरांनी डबा काढून त्या जागी नवा माणूस केला. चेहरा कसा होता ते मी सांगितलं, पण तारेला चेहरा कुठला. तरीशानं सगळ्यात जास्त तार घेतली. झाला तेव्हा तो क्लेमपेक्षा डोकंभर उंच होता. कुणी तिला सांगितलं नव्हतं, तिनं माझ्यासाठी केला. "बरोबर आहे ना, आजी?" मी म्हटलं, "बरोबर आहे."

तुला माहीत आहे तो केवढा होता. क्लेमच्या खांद्याला लागायचा. म्हणायचा, भावाच्या शेजारी उभं राहिलं की टोपी लागत नाही, सावली मिळते. पण मी त्या फळीपुढं उभी राहून बघत बसले. क्लेम खाली, माझा माणूस वर. घरी जाताना मी गाणं म्हणत होते. घरी पोचेपर्यंत छान वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी, अठराला, शाळा उघडायच्या आधी मी वर्कशॉपमधून पक्कड घेतली आणि जाऊन त्याचे पाय दोन बोटं कापले.

लोर्ना